व्यक्तिचित्रातील रंग व प्रतीके

व्यक्तिचित्रातील रंग व प्रतीके : मानवी चेहऱ्याच्या चित्रात रंग एकाच वेळी अनेक कामे करीत असतो. तो त्वचेचा व केसांचा मूळ वर्ण दाखवितो, चेहऱ्यावर पडलेला प्रकाश दाखवितो आणि परंपरेने किंवा चित्रकाराच्या हेतूने त्याला चिकटलेला अर्थही सूचित करतो. ही कामे पुष्कळदा कुंचल्याच्या एकाच फटकाऱ्यात होत असल्यामुळे अर्थ लावणाऱ्यापुढे अडचण उभी राहते. गालावर दिसणारी हिरवी छटा पानांतून झिरपलेल्या उजेडाची असू शकेल, आजारपणाची असू शकेल, शेजारच्या तांबड्याला उठाव यावा म्हणून मुद्दाम योजलेली असू शकेल किंवा वरचा गुलाबी थर झिजून खालचा थर उघडा पडल्याचा तो निव्वळ परिणामही असू शकेल. तांबडा म्हणजे क्रोध, निळा म्हणजे विषाद, पिवळा म्हणजे मत्सर अशा रंगार्थांच्या याद्या लोकप्रिय पुस्तकांत आढळतात. चित्र समजून घेण्याच्या कामी त्यांचा उपयोग थोडा आणि अपाय अधिक होतो.

रंगाला अर्थ येतो तो संकेताने, आणि संकेत देशकालानुसार बदलतात. प्राचीन ईजिप्तच्या चित्रांत पुरुषांचा वर्ण तांबूस तपकिरी व स्त्रियांचा फिकट पिवळा दाखविण्याची रूढी होती. ओसायरिस या मृतांच्या देवतेचा चेहरा अनेकदा हिरवा रंगविलेला असतो, कारण तो वनस्पतींच्या पुन्हा अंकुरण्याशी निगडित होता. चिनी संगीत नाटकांच्या रंगभूषेत तांबडा चेहरा निष्ठावान वीराचा व पांढरा चेहरा कपटी सत्ताधाऱ्याचा मानतात. केरळच्या कथकळीत ‘पच्च’ हा हिरवा चेहरा उदात्त नायकाचा असतो. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांना वर्ण नेमून दिलेले आहेत : शृंगाराचा श्याम, हास्याचा शुभ्र, करुणाचा कपोत म्हणजे पारव्यासारखा, रौद्राचा रक्त, वीराचा गौर, भयानकाचा कृष्ण, बीभत्साचा नील व अद्भुताचा पीत. यूरोपीय संस्कारात वाढलेल्या वाचकाला शृंगाराचा श्याम वर्ण अनपेक्षित वाटेल. परंतु शृंगाराची अधिदेवता विष्णू असल्याचे त्याच ग्रंथात सांगितले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे त्याची संगती लागते. पहाडी वा राजस्थानी लघुचित्रांतील कृष्णाचा निळा चेहरा विषण्ण नसतो, हे भारतीय प्रेक्षकाला कोणी सांगावे लागत नाही. उलट पाब्लो पिकासोने १९०१ ते १९०४ या काळात, कासाखेमास या मित्राच्या आत्महत्येनंतर, जे निळसर चेहरे रंगविले, त्यांतील दैन्य व एकाकीपणाही तितकाच उघड आहे. रंग एकच असला, तरी त्याला अर्थ देणारी चौकट दोन्हीकडे निराळी आहे.

त्वचेचा रंग हा चित्रकारापुढील सर्वांत कठीण प्रश्नांपैकी एक होय. त्वचा अंशतः पारदर्शक असते. तिच्यावर पडलेला प्रकाश काही पृष्ठभागावरून परततो, तर काही आत शिरून मेलॅनीन हे रंगद्रव्य आणि रक्तातील हीमोग्लोबिन यांच्यामुळे बदललेल्या स्वरूपात बाहेर येतो. एकच जाड थर देऊन हा परिणाम साधत नाही. म्हणून जुने चित्रकार थरावर थर चढवीत. चेन्नीनो चेन्नीनी या इटालियन चित्रकाराने १४०० च्या सुमारास लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत, चेहऱ्याच्या जागी आधी हिरव्या मातीचे दोन हात द्यावेत व त्यांवर गुलाबी छटा चढवाव्यात, असे सांगितले आहे. हिरवा व गुलाबी परस्परांना पूरक असल्याने छायेच्या जागी त्वचेचा थंड करडेपणा आपोआप येतो. रंग कालविण्यासाठी अंड्याचा बलक वापरीत. तरुण चेहऱ्यासाठी शहरी कोंबडीच्या अंड्याचा फिकट बलक घ्यावा, वृद्ध वा सावळ्या चेहऱ्यासाठी खेड्यातील कोंबडीच्या अंड्याचा गडद बलक चालेल, अशी सूचनाही त्याने केली आहे. सिएना येथील दूत्चोच्या माएस्ता (१३०८–११) या वेदिचित्राच्या काळातील अनेक चित्रांत वरचे पातळ गुलाबी थर शतकांच्या साफसफाईने झिजले व मेरीच्या आणि संतांच्या चेहऱ्यांवर हिरवट झाक दिसू लागली. तिचा संबंध शोकाशी किंवा पारलौकिकतेशी जोडण्याचा मोह होतो. प्रत्यक्षात तो चित्राचा उघडा पडलेला पाया होय.

रंगद्रव्याचे मोल हाही अर्थाचा एक भाग असे. अफगाणिस्तानातील बदख्शानच्या खाणींतून येणाऱ्या लाजवर्द या खड्यापासून बनविलेला निळा रंग यूरोपात अत्यंत महाग होता. तो किती व कोणत्या प्रतीचा वापरावा, हे चित्राच्या करारात लिहिले जाई आणि पुष्कळदा तो मेरीच्या झग्यासाठी राखून ठेवीत. अशा चित्रात निळा रंग स्वर्गाचे प्रतीक असतोच. शिवाय अर्पण करणाऱ्याने केलेल्या खर्चाचीही तो साक्ष देतो. सोन्याचा वर्ख, तेजोवलय व सोनेरी पार्श्वभूमी यांचेही असेच आहे. मोगल बादशाह जहांगीर (कार. १६०५–२७) याच्या चित्रांत डोक्याभोवती येणारे तेजोवलय यूरोपीय धार्मिक चित्रांवरून घेतलेले आहे; मात्र तेथे ते संतत्वाऐवजी राजसत्तेचे तेज दाखविते.

प्रतीक म्हणजे केवळ रंग नव्हे. वस्त्र, अलंकार, हातातील वस्तू, पार्श्वभूमी ही सर्व चेहऱ्याभोवती अर्थाची मांडणी करतात आणि कधीकधी चेहरा स्वतःच प्रतीक बनतो. इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ हिचे हॅटफील्ड हाउस येथील ‘इंद्रधनुष्य-चित्र’ (सु. १६००) हे याचे ठळक उदाहरण होय. त्या वेळी राणीचे वय साठीच्या पलीकडे गेले होते. चित्रातील चेहरा मात्र सुरकुतीविरहित तरुणीचा आहे. तो जवळजवळ छायारहित पांढऱ्या रंगात रंगविलेला आहे. झग्यावर डोळे व कान चितारलेले आहेत. राणी सर्व पाहते व ऐकते, असा त्याचा अर्थ लावला जातो. बाहीवरील सर्प शहाणपणाचा व हातातील इंद्रधनुष्य शांततेचे द्योतक समजतात. वारस नसलेल्या राणीच्या वार्धक्यात राज्याच्या भवितव्याची चिंता दरबाराला होती. त्या परिस्थितीत हा निर्विकार पांढरा चेहरा म्हणजे राज्यसंस्थेला वय नसते, असे ठामपणे सांगणारे एक राजकीय विधान होते. मूळ चेहऱ्याशी असलेले साम्य येथे दुय्यम ठरते.

रंगाच्या वाचनात किती सावध राहावे लागते, हे यान फेरमेर (१६३२–७५) या डच चित्रकाराच्या मोत्याचे कर्णभूषण ल्यालेली मुलगी (सु. १६६५) या चित्राच्या इतिहासावरून चांगले कळते. हेग येथील मॉरित्सहाउस संग्रहालयातील हे तैलचित्र अवघे ४४·५ × ३९ सेंमी. आकाराचे आहे. १८८१ मध्ये ते हेगमधील एका लिलावात दोन गिल्डर व किरकोळ आकार एवढ्या किमतीला विकले गेले होते. खरे पाहता हे व्यक्तिचित्रही नव्हे. विशिष्ट व्यक्तीची ओळख न सांगता एखादा भाव, वय वा वेशभूषा दाखविणाऱ्या ज्या मुखाभ्यासांना डच भाषेत ‘ट्रोनी’ म्हणत, त्या प्रकारात ते मोडते. काळ्या शून्यातून उजळून वळलेला चेहरा हे या चित्राचे आकर्षण मानले गेले. त्या काळोखाला गूढता, एकांत, काळाच्या पोकळीतील क्षण असे नाना अर्थ देण्यात आले. १९९४ मधील जतनकार्याच्या वेळी केलेल्या तपासणीत असे आढळले, की पार्श्वभूमीवर मुळात नीळ व पिवळा वनस्पतिजन्य रंग यांच्या मिश्रणाचा चकचकीत हिरवा पातळ थर होता. हे दोन्ही रंग प्रकाशाने विटतात. पुढे २०१८ मध्ये चित्र काचेआड ठेवून प्रेक्षकांसमक्षच आधुनिक उपकरणांनी त्याचा अभ्यास करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०२० मध्ये जाहीर झाले, तेव्हा पार्श्वभूमीत घड्या पडलेला एक हिरवा पडदा असल्याचे व डोळ्यांना बारीक पापण्या रंगविल्या असल्याचे दिसून आले. ज्या काळोखाला इतके अर्थ लाभले, तो चित्रकाराने रंगविलेलाच नव्हता.

यावरून जुने सर्व रसग्रहण व्यर्थ ठरते असे नाही. प्रेक्षकांनी जे पाहिले ते खरोखरच त्यांच्या समोर होते आणि त्यांचा अनुभव खरा होता. मात्र त्या अनुभवाचे कर्तृत्व फेरमेरकडे देता येत नाही. जे टिकले आहे तेही पुरेसे बोलके आहे. डोक्यावरील फडक्याचा निळा रंग उत्तम प्रतीच्या लाजवर्दाचा आहे. मेरीच्या झग्यासाठी राखला जाणारा हा मौल्यवान रंग येथे एका अनाम मुलीच्या शिरोवस्त्राला लाभला आहे. मोती तर जवळजवळ नाहीच : वर एक जाड पांढरा ठिपका, खाली कॉलरच्या प्रतिबिंबाची पुसट कड, एवढेच. त्याला कानात अडकविणारी कडीदेखील चित्रकाराने काढलेली नाही. ओठांवरील पांढऱ्याचे इवलेसे ठिपके त्यांचा ओलावा भासवितात. मोती हे त्या काळी कौमार्याचे, तसेच ऐहिक डामडौलाचेही प्रतीक समजले जाई. या परस्परविरोधी अर्थांपैकी कोणता घ्यावा, याचा निर्णय चित्र देत नाही.

काळाचा हा परिणाम एका चित्रापुरता मर्यादित नाही. इंग्रज व्यक्तिचित्रकार सर जॉशुआ रेनल्ड्झ (१७२३–९२) किरमिजी कीटकजन्य रंग चेहऱ्यासाठी वापरी. तो रंग इतका अल्पजीवी ठरला, की त्याच्या हयातीतच काही चित्रांतील गालांची लाली उडाली व ते चेहरे भुतासारखे पांढुरके दिसू लागले. मोना लीसाचा धूसर, पिवळट-हिरवट वर्ण बव्हंशी जुन्या व्हार्निशच्या पिवळेपणामुळे आलेला आहे. माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात त्याच चित्राची एक समकालीन प्रतिकृती आहे. तिच्यावर नंतर चढविलेला काळा रंग काढून २०१२ मध्ये ती प्रदर्शित झाली, तेव्हा गुलाबी कांती, तांबड्या बाह्या, रेखीव भुवया व मागील उजळ निसर्गदृश्य प्रकट झाले. लिओनार्दोच्या मूळ चित्राच्या रंगांची कल्पना आज तिच्यावरूनच अधिक चांगली येते.

एकोणिसाव्या शतकात रंगाच्या विचाराला निराळी दिशा मिळाली. पॅरिसच्या गोब्लाँ विणकरशाळेत काम करणारा रसायनशास्त्रज्ञ शव्हरल याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, शेजारी ठेवलेले रंग एकमेकांचे स्वरूप बदलतात, या घटनेचे नियम मांडले. करड्या रंगाची चिंधी तांबड्याजवळ ठेवली, तर ती हिरवट भासते. चित्रकारांना हे अनुभवाने ठाऊक होते; आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला आणि वस्तूचा रंग आहे तसा देण्याच्या बंधनातून चेहराही मोकळा झाला. व्हिन्सेंट व्हान गॉख याने १८८८ मध्ये गोगँला अर्पण केलेल्या आत्मचित्रात (सध्या हार्व्हर्ड विद्यापीठाच्या संग्रहात) पार्श्वभूमी फिकट हिरवी ठेवली, डोके जवळजवळ मुंडलेले व डोळे किंचित तिरके काढले. आपण स्वतःला शाश्वत बुद्धाचा एक साधा जपानी भिक्षू कल्पिले आहे, असा खुलासा त्याने पत्रांतून केला. त्याच वर्षी बॉक या कवीवृत्तीच्या चित्रकारमित्राच्या चेहऱ्यामागे त्याने खोलीच्या भिंतीऐवजी गर्द निळे तारांकित आकाश रंगविले. येथे रंग प्रतीक आहे यात शंका नाही. परंतु ते प्रतीक परंपरेने दिलेले नाही, चित्रकाराने स्वतः घडविलेले आहे. त्याची पत्रे उपलब्ध नसती, तर बुद्धभिक्षूची कल्पना केवळ चित्रावरून कोणाला सुचली असती की नाही, हा प्रश्नच आहे.

आंरी मातीसचे हिरवी रेघ (१९०५, कोपनहेगनचे राष्ट्रीय कलासंग्रहालय) हे पत्नीचे व्यक्तिचित्र याही पुढे जाते. कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरणारी हिरवी पट्टी चेहऱ्याचे दोन भाग करते. प्रेक्षकाच्या उजवीकडील पार्श्वभूमी हिरवी असून त्या बाजूचा गाल गुलाबी आहे. डावीकडे तांबडे व जांभळे पट्टे असून तो गाल पिवळसर आहे. त्याच वर्षी पॅरिसच्या शरद-प्रदर्शनात मातीस व त्याच्या सहकाऱ्यांची भडक रंगांतील चित्रे पाहून टीकाकार लुई व्होसेल याने त्यांना ‘फोव्ह’ म्हणजे हिंस्र पशू म्हटले. या रेघेचा अर्थ पुष्कळांनी पत्नीच्या स्वभावात किंवा दांपत्यजीवनात शोधला. तथापि चित्र शांतपणे पाहिले, तर तिचे काम ध्यानात येते. परंपरेने चेहऱ्याचा उजेडातील भाग व सावलीतील भाग वेगळे करणारी जी छायारेषा असते, तिच्याच जागी ही रेघ आहे. काळोखाऐवजी उष्ण व शीत रंगांच्या विरोधाने ती चेहऱ्याला घनता देते. चेन्नीनीच्या चेहऱ्यात गुलाबीखाली दडलेला हिरवा येथे वर येऊन उघड उभा राहिला आहे. एक झाकून काम करतो, दुसरा न झाकता; काम पुष्कळसे तेच.

एकाच चित्रकाराच्या बाबतीतही रंगाचा अर्थ स्थिर नसतो. मेक्सिकन चित्रकर्त्री फ्रीदा कालो (१९०७–५४) हिने रोजनिशीत आपल्या रंगांचे अर्थ टिपून ठेवले आहेत. त्यांत पिवळ्याला वेड, आजार व भीती यांच्याशी जोडले असून त्याच रंगाला सूर्याचा व आनंदाचा अंशही म्हटले आहे. तिच्या काट्यांचा हार व गुंजनपक्षी असलेल्या १९४० च्या आत्मचित्रात (टेक्सस विद्यापीठ, ऑस्टिन) गळ्यात काटे रुतून रक्त आलेले आहे, हाराला मेलेला काळा पक्षी लटकलेला आहे, एका खांद्याशी माकड व दुसऱ्या खांद्यामागे काळे मांजर आहे. ख्रिस्ताच्या काटेरी मुकुटाची आठवण उघड आहे. मेलेला गुंजनपक्षी मेक्सिकन लोकसमजुतीत प्रेमाचा ताईत मानतात, हे ठाऊक नसेल तर अर्थाचा अर्धा भाग हातातून निसटतो. चेहरा मात्र वेदनेचे कोणतेही चिन्ह दाखवीत नाही.

भारतीय परंपरेत विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्र या भागात मूळ रंगांची व त्यांच्या मिश्रणांची चर्चा आहे. छायांकनाचे, म्हणजे वर्तनेचे, पत्रज, ऐरिक व बिंदुज असे तीन प्रकारही सांगितले आहेत. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील पद्मपाणी (पाचव्या शतकाचा उत्तरार्ध) या बोधिसत्त्वाच्या मुखावर नाक, ओठ व हनुवटी यांना उठाव देणारे उजळ फटकारे आणि कडांकडील गडद छटा यांतून ही दृष्टी प्रत्यक्षात दिसते. तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती हे रंग स्थानिक होते. निळा लाजवर्द तेवढा दूरच्या बदख्शानहून येई. ज्या खाणींनी पुढे मेरीच्या झग्याला रंग पुरविला, त्याच खाणींचा रंग येथील भिंतींवर आधीच पोचला होता. अजिंठ्यात गौर व श्याम दोन्ही वर्णांचे चेहरे एकाच दरबारात दिसतात आणि मुकुट ल्यालेल्या स्त्रियाही श्यामवर्णी आहेत. श्याम वर्णाला हीनतेचे चिन्ह समजणे या चित्रांच्या बाबतीत चुकीचे ठरते. येथेही आजचा रंग मूळचा आहे असे गृहीत धरता येत नाही. एकोणिसाव्या शतकात प्रतिकृती काढताना काही चित्रांवर व्हार्निश लावण्यात आले. पुढे १९२०–२२ च्या सुमारास हैदराबाद संस्थानाने बोलाविलेल्या इटालियन तज्ज्ञांनी पोपडे बसविले, पण त्यांच्या लाखेच्या थराने चित्रे पिवळी-तपकिरी झाली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याने हे थर व त्यांवरील काजळी काढण्याचे काम हाती घेतल्यावर अनेक ठिकाणी मूळचे ताजे रंग दिसू लागले.

आधुनिक मराठी चित्रकारांपैकी सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातील चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील कलासंग्रहात आहे. हाताच्या आडोशाने दिवा धरलेल्या या तरुणीसाठी त्यांच्या कन्येलाच समोर उभे केले होते. बोटांतून आरपार दिसणारी तांबूस आभा व खालून चेहऱ्यावर पसरलेला केशरी उजेड यांचा अर्थ आशा असा शीर्षकाने सुचविला आहे. मात्र शीर्षक बाजूस ठेवले तरी हा रंग प्रकाशाच्या अचूक निरीक्षणातून आलेला दिसतो. जलरंगात पांढरा हा बहुधा कागदाचाच असतो व चुकलेला हात पुसता येत नाही, हे ध्यानी घेतल्यास या यशाचे मोल कळते.

रवींद्रनाथ टागोरांनी साठीनंतर काढलेल्या चित्रांत चेहऱ्यांची संख्या मोठी आहे. तपकिरी, काळपट व पिवळसर छटांतील हे मूक चेहरे १९३० मध्ये पॅरिसला प्रदर्शित झाले, तेव्हापासून त्यांच्या गडद रंगयोजनेचा संबंध कवीच्या अंतर्मनाशी व आयुष्यातील मृत्यूंशी जोडला गेला आहे. पिकफर्ड व बोस यांनी १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मात्र टागोरांना तांबडा रंग ओळखण्यात जन्मजात अडचण असावी, असे मत मांडले. तसे असल्यास त्यांच्या रंगनिवडीचा काही भाग दृष्टिदोषाकडे जातो. या चेहऱ्यांची रेषा, त्यांचे मोठे डोळे व मिटलेले ओठ यांचा अर्थ मात्र त्याने बदलत नाही.